तिसरी ‘रणवेध’

पद्माकर हे त्यांना ठेवलेलं आजोबांचं नाव. आईला सासऱ्याचं नाव तोंडातून काढायची चोरी, म्हणून घरात ते बाळूच राहिले. हेमलतानं लग्नात उखाण्यात ते नाव घेतलं तेवढंच, पुढे जन्मभर ‘अहो’. बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यात युद्धनौकांची रडारं जुळवण्यात सारी नोकरी सरली, तिथं सगळे आडनावानं हाक मारत. मारतहळ्ळीत शेजारपाजाऱ्यांचे ते अण्णा झाले.

त्यांच्या हातचं रडार असलेली ‘रणवेध’ कधीच भंगारात गेली होती. आज टीव्हीवर नवी ‘रणवेध’ पाण्यात उतरत होती. निवेदिका सांगत होती, पहिली मराठ्यांच्या आरमारात होती, लाकडी, दुसरी पोलादी, आता ही तिसरी. नाव कधी बुडत नाही म्हणे! धक्क्यावरच्या गर्दीनं त्या नावाचा गजर केला.

“डोंबल!” पद्माकर करवादले. “दुसरीचा पत्रा न् पत्रा कापून विकला. नावाला काय जातंय राहायला?”

शेजारी हेमलता शून्यात बघत बसली होती. दोन वर्षांत तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. जुने उखाणे तेवढे ओठांवर शिल्लक होते. पद्माकरांनी टीव्ही बंद केला आणि तिचा हात हातात घेतला.

“हेमा, एकदा नाव घे ना.”

ती लाजली. तिनं पदर सारखा केला.

“समुद्राच्या काठावर लाटांची रांगोळी...”

तिथंच अडली. मग परक्या माणसाकडे बघून हसावं तशी ओशाळून हसली.

“अण्णा, आमच्या ह्यांचं नाव काय हो?”