उशीला जखम होत नाही

सिस्टरना नावाने कुणी हाक मारत नसे. घरी नवरासुद्धा "सिस्टर, चहा टाकता का?" असंच म्हणायचा. उभा जन्म दवाखान्यात गेला, लोकांचं शू-शी काढण्यात गेला, पण त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. निवृत्त झाल्यावर त्या कॉलेजात आजाऱ्याची सेवा कशी करायची ते शिकवू लागल्या. किळस म्हणजे काय ते त्यांना तिथे कळलं, तेही स्वच्छ पुसलेल्या टेबलाशी बसून.

त्यांच्या वर्गातल्या निम्म्या बायका दिवसभर दवाखान्यात आयाचं काम करायच्या. रोज वर्गाला यायचं तर कामाचे खाडे पडत. त्यातली एक, चिमणी, तान्हं पोर सासूपाशी ठेवून धापा टाकत यायची. कोर्स पुरा झाला की ती आयाची नर्स होणार होती. या बायांसाठी सिस्टरनी अर्ज केला. बोलून सांगायचे धडे घरी मोबाईलवर द्यावेत, हाताचं काम शनिवारी वर्गात व्हावं. इतकी साधी गोष्ट.

पण कॉलेजच्या समितीने त्यांना नुसतं नाचवलं. आधी म्हणे, उद्दिष्टं लिहा. ती लिहिली, तर ती फार सोपी आहेत म्हणे. मग विचारलं, धडा बघताना बाईचं लक्ष आहे हे कशावरून?

"आणि वर्गात असतं हे तरी कशावरून?" सिस्टर म्हणाल्या. त्यावर कुणी हसलंसुद्धा नाही.

अखेर मंजुरी आली. सिस्टर आनंदाने वर्गाकडे गेल्या, तर दारावर 'रेकॉर्डिंग स्टुडिओ' अशी नवी कोरी पाटी. आत दिवे, कॅमेरा, हिरवा पडदा. सरावाच्या दोन्ही खाटा जिन्याखाली उभ्या करून ठेवलेल्या, आणि त्यांच्यावर फरशी पुसायची ओली फडकी वाळत घातलेली.

सिस्टर तडक समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या.

"अहो सर, खाटा बाहेर का?"

"ऑनलाइन कोर्सला स्टुडिओ लागतो, सिस्टर. नियम आहे. दुसरी खोली नव्हती."

"मग शनिवारी बायांनी सराव कुठे करायचा?"

"तेही ऑनलाइनच मंजूर केलंय की! घरी उशीवर करतील. तुम्ही पडद्यावर बघा. या इथे सही करा."

"उशीवर? माणसाची कूस बदलायची ती उशीवर शिकायची?"

"कूस ती कूस."

"उशीला जखम होत नाही, सर. पडून पडून माणसाची पाठ सडते. मी पाहिलीय. हात घातला की कातडी हातात येते."

अध्यक्षांनी तोंड वाकडं केलं. "शी! जेवायच्या वेळेला हे काय काढता? कॅमेऱ्यावर कसं सगळं स्वच्छ दिसेल, बघा तरी."

सिस्टरना किळस आली. पू पाहून आली नव्हती ती या माणसाच्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडे पाहून आली. समितीतले बाकीचे चहाच्या कपात बघत बसले होते. त्यांतल्या दोघांच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली होती, हे सिस्टरना ठाऊक होतं.

"माझा अर्ज मी मागे घेते," त्या म्हणाल्या. "खाटा आत घ्या. आणि ती फडकी आधी उचला."

"मग सगळं वर्गातच शिकवावं लागेल. रोज. विचार करा."

"केला."

चिमणी फाटकापाशीच उभी होती. "झालं का हो बाई? मिळाली मंजुरी?"

सिस्टरनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता पोरीचा चेहरा उतरला.

"मग रोज काम बुडवून मला यायला नाही जमायचं."

"रविवारी माझ्या घरी ये. आमचे हे पडतील खाटेवर, त्यांना तेवढंच हवं असतं. सगळं शिकवते."

"आणि सर्टिफिकेट?"

"ते माझ्या हातात नाही गं."

"तेच तर हवं होतं, बाई. कूस बदलायला मला येतंच की. रोज बदलते."

चिमणीने पदर खोचला आणि कामावर उशीर नको म्हणून झपाझप निघाली. सिस्टर मागे वळल्या, जिन्याखाली गेल्या आणि ती ओली, कुबट फडकी एकेक करून खाली फेकू लागल्या.