गोरी राजकन्या

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला जालन्याहून मेकअपवाला यायचा. ब्रश दातांत धरून, दोन बोटांनी मुलांची हनुवटी उचलायचा. यंदा नाटकातली राजकन्या माझ्या वर्गातली सावळी मुलगी होती. त्यानं तिचा चेहरा पांढराफटक केला. ती आपले हात ओढणीत लपवू लागली, तसं माझं डोकं फिरलं.

"पुसा ते!"

"मॅडम, गोष्टीतली राजकन्या गोरीच असती. बदलता येत न्हाई."

शेजारी एका गोऱ्यापान मुलीला राक्षसीण करायला त्यानंच काजळ फासलं होतं.

मी ओला टॉवेल घेतला आणि दोघींचे चेहरे पुसून त्यांना तशाच स्टेजवर पाठवलं.

"मंग वाईट कोण, हे पब्लिकला कळायचं कसं?" त्यानं अगदी काळजीनं विचारलं.

त्या काळजीचाच मला जास्त राग आला.