पडद्याच्या मागची बाजू

आमच्या तंबूत पडदा मधोमध असायचा. पुढं पुरुष बसायचे, मागं बायका. पडदा पातळ कापडाचा. खेळाआधी त्यावर पाणी मारलं की चित्र मागच्या बाजूलाही स्वच्छ उतरायचं, फक्त आरशात दिसतं तसं उलटं. बायकांना हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. तिकीट मात्र त्यांनाही तेवढंच होतं.

साठ सालानंतरची ही गोष्ट. माझे वडील, म्हणजे आबा, साताऱ्या-सांगलीकडच्या जत्रांतून तंबू फिरवायचे. मी तेव्हा लग्नाच्या वयाची झाले होते आणि बायकांच्या बाजूची व्यवस्था बघायचे. व्यवस्था म्हणजे भांडणं सोडवणं आणि रडणारं पोर आईसकट बाहेर काढणं. मुख्य खेळ बोलपटाचा. पण माणसं गोळा होईपर्यंत आबा त्यांची लाडकी मूक चित्रं दाखवायचे. सिनेमा नुकता जन्मला होता तेव्हा विलायतेतल्या कुणा साहेबानं काढलेली ही चित्रं. एकेक चित्र पान खाऊन होईपर्यंत संपायचं.

मिरजेतला एक गोरा डॉक्टर मायदेशी निघाला, तेव्हा हातानं फिरवायच्या मशीनसकट या चित्रांची पेटी आबांनी त्याच्याकडून घेतली. डॉक्टरनं त्यांना सांगितलं होतं की चित्रं काढणारा साहेब समुद्रकाठच्या गावात राहायचा, आणि परसात रंगवलेले पडदे उभे करून घरच्याच माणसांना नटवायचा. एकच बाई कधी मोलकरीण व्हायची, कधी चोराची बायको, कधी गाढवावरून पडणारी मडमीण. आई म्हणायची, "त्येची बायकूच आसणार ती. फुकटात दुसरं कोन पडंल?"

चित्रांना आवाज नव्हता. तो आबांचा होता. पडद्याच्या कडेला, चित्राकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून ते उभे राहायचे. चित्र बघत बघत सांगणारा त्यांना चालत नसे. सांगणाऱ्याला पुढचं आधीच ठाऊक पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हातात वेताची काठी. "हिकडं बघा," म्हणत ती न बघताच मागं पडद्याला टेकवायचे, आणि बरोबर तिथूनच पोलीस धावत यायचा. कोरेगावच्या बाजारात त्यांना लोक त्या आवाजावरून ओळखायचे. मला त्या आवाजाचा फार अभिमान होता.

त्याच आवाजाला रोग लागला. आधी घसा बसला, मग घोट उतरेना. मिरजेच्या दवाखान्यात सांगितलं की जीव हवा असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाईल. आबांनी दोन दिवस मागून घेतले आणि त्या दोन दिवसांत ते कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. जे शेवटचं बोलायचं ते आमच्याशी तरी बोलायचं होतं. आजही तो राग पुरता गेलेला नाही.

ऑपरेशननंतर गळ्याला भोक राहिलं, त्यावर ते पांढरा रुमाल बांधायचे. मूक चित्रांची पेटी त्यांनी सामानाच्या तळाशी टाकली. बोलपट चालू झाला की तंबूबाहेर दोरीच्या खुंट्याजवळ पाठ करून बसायचे. जेवण कमी झालं. डॉक्टर म्हणाले, जखम भरली आहे, खाल्लं पाहिजे. खाण्याचं कारण मात्र डॉक्टरांकडे नव्हतं. माणूस आमच्या डोळ्यांसमोर संपत चालला होता आणि आम्ही दोघी पेज गार करत बसलो होतो.

विट्याला तंबू लागला तेव्हा आईनं पेटी ओढून काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. "आवं, ल्हान मशीन तुमी फिरवा. बोलायचं म्या बोलते. इतकी वर्सं मागं बसून बघतीया, मला समदं तोंडपाठ हाय."

आबांनी मान हलवली नाही, पण पेटी उघडली. त्या संध्याकाळी ते भाकरी खाऊन मशीनवर बसले.

आई पडद्याच्या पुढच्या बाजूला जन्मात पहिल्यांदा उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात काठी, आणि आबांच्या रिवाजाप्रमाणे चित्राकडे पाठ. पहिलं चित्र एका म्हाताऱ्याचं, नातवाला खीर भरवणाऱ्या. आई ठणकावून म्हणाली, "आता बघा, म्हातारा डाव्या हातानं भरवतोय. सायेब लोकांची रीतच न्यारी."

समोर पुरुषांना म्हातारा सरळ उजव्या हातानं भरवताना दिसत होता. जो हशा उठला तो थांबेना. पुढं बदकचोराचं चित्र लागलं. आईनं काठी बघणाऱ्यांच्या डावीकडे टेकवली आणि पोलीस त्यांच्या उजवीकडून आला. कुणीतरी ओरडलं, "मावशे, तुझा पोलीस वाट चुकला."

मागच्या बाजूला बसून वर्षानुवर्षं तिनं तेच पाहिलं होतं. आम्ही सगळ्याच बायका डावखुऱ्या साहेबांना नावं ठेवत आलो होतो. हशा कशाचा, हे तिला कळलंच नाही. बाई बोलायला उभी राहिली म्हणून हसतात, असं तिला वाटलं. रात्री जेवताना तिनं आबांना विचारलं, "लय वंगाळ झालं का?" आबांनी हातानंच सांगितलं, ठीक झालं. त्यांना समजावून सांगता आलं नसतं असं नाही, ते लिहू शकत होते. पण आईला वाचता येत नव्हतं, आणि मला मध्ये घालून तिची चूक सांगावी असं त्यांना वाटलं नसणार.

दुसऱ्या दिवशी मी बायकांत बसले होते. चित्र सुरू झालं आणि शेजारची म्हातारी म्हणाली, "आज बरा उजव्या हातानं भरवतोय गं. सुदारला." पलीकडून आईचा आवाज आला, "डाव्या हातानं भरवतोय बघा," आणि पुरुषांतून हसण्याऐवजी आवाज आले, "व्हय की रं, डावाच हाय."

मी उठून मशीनपाशी गेले. आबांनी फिल्मची आतली बाजू बाहेर करून रीळ चढवलं होतं. आख्खं चित्र त्यांनी आईच्या बाजूनं फिरवलं होतं. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि हसले. ऑपरेशननंतर ते हसलेले मी तेव्हाच पाहिले.

तो सबंध हंगाम आई बोलली. तिची भीड चेपली, ती मडमिणीला टोमणे मारू लागली, लोक तिचं ऐकायला लवकर येऊ लागले. आबा जेवू लागले. आम्हाला वाटलं, टळलं. टळलं नव्हतं. रोग घशातून खाली गेला होता, आणि पावसाळ्यात मिरजेलाच ते गेले.

पुढच्या हंगामात तंबू पुन्हा उभा केला, कारण दुसरं काही येत नव्हतं. लहान मशीनवर आमचे बोलपटाचे मशीनवाले काका बसले. त्यांनी रीळ नेहमीप्रमाणे सरळ चढवलं. त्यांना सांगायला हवं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आई उभी राहिली. "म्हातारा डाव्या हातानं भरवतोय बघा."

"आवं मावशी, उजवा हाय," कुणीतरी म्हणालं. हसूनही नाही, सहज.

तेव्हा तिनं पहिल्यांदा मागं वळून चित्राकडे पाहिलं. म्हातारा उजव्या हातानं भरवत होता. मग बदकचोर आला आणि पोलीस काठीच्या दुसऱ्या बाजूनं धावत गेला. आईनं काठी खाली घेतली. पुढची चित्रं तशीच मुकी संपली.

बोलपट सुरू झाल्यावर ती मशीनपाशी आली. "कसं चढवलंसा रीळ?"

"जसं चढवत्यात तसं. सरळ," काका म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "त्ये उलटं चढवायचे?"

मी हो म्हणाले.

ती मशीनच्या खोक्यावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आन् मला वाटायचं," ती म्हणाली, "मला जमाया लागलंय."