सारजाबाईचं ‘व्हय’

पौडच्या बाजारात अलाउद्दीनची भाताची गिरणी होती, तेलाच्या इंजिनावर चालणारी. जवळच्या रिहे गावची सारजाबाई नवरा गेल्यावर तिथं कामाला लागली, ती साधारण पंचावन्न-छप्पन साली. गिरणीच्या तोंडात भात ओतायचा, खाली आलेला तांदूळ पाखडायचा, कोंडा वेगळा भरायचा. कामाचा तिला कंटाळा नव्हता. कंटाळा होता वजनाच्या काट्यावर बसणाऱ्या भिवाजीचा.

भिवाजी भरे गावचा. काही वर्षं मुंबईला कापडगिरणीत काढून परतला होता आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं, असं त्याचं ठाम मत होतं. सूप कसं धरावं, रोपासाठी राब कधी भाजावा, पोराला खोकला झाला तर काय चाटवावं, एसटीच्या ड्रायव्हरनं चढाला गाडी कशी घ्यायला हवी होती, हे तो कुणी न विचारता सांगत राही. बायकांना तो नावानं हाक मारत नसे. सगळ्या नुसत्या ‘बाई’.

जोडीला असलेली गोजराबाई त्याच्याशी भांडायची. भांडलं की त्याला आणखी जोर चढे आणि तिची सकाळ फुकट जाई. सारजाबाईनं वेगळी रीत धरली. तो काही बोलला की ती ‘व्हय’ म्हणे आणि आपल्याला करायचं तेच करी. त्याचं समाधान होई, हिचं काम उरके. हळूहळू त्याचे शब्द तिच्या कानावर पडेनासेच झाले. इंजिनाच्या आवाजासारखाच तोही एक आवाज.

एका वर्षी दिवाळीनंतर नवं भात यायला लागलं आणि गिरणीपुढं गाड्यांची रांग लागली. त्या दिवशी भिवाजीचं तोंड सकाळपासून सुरू होतं. वांग्याच्या रोपांबद्दल बोलला, पुण्यातल्या पाण्याबद्दल बोलला. मधेच म्हणाला की इंजिनावरून गिरणीला जाणाऱ्या पट्ट्याचा सांधा उसवत चाललाय, त्या अंगाला उभं राहू नका. अलाउद्दीन इंजिनापाशी होता. त्यालाही सांगितलं. तो ‘बघू’ म्हणाला. सारजाबाई ‘व्हय’ म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

दुपारी पट्टा तुटला. त्याचं सुटलेलं टोक तिच्या उजव्या हातावर बसलं आणि मनगटाच्या वर हाड मोडलं.

अलाउद्दीननं इंजिन बंद केलं. भिवाजीनं दोन फळकुटं लावून, डोक्याचा पटका सोडून तिचा हात बांधला आणि तिला घेऊन पुण्याच्या एसटीत बसला. वाटेत तो हाडं कशी जुळतात ते सांगत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी तो पटका सोडला. इतका आवळून बांधला होता की बोटं काळीनिळी पडली होती. डॉक्टर त्याला चांगलेच बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि बाहेर जाऊन बसला.

हात जुळला, पण थोडा वाकडा राहिला. सारजाबाई कामावर परतली तेव्हा येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला भिवाजी ती हकीकत सांगत होता आणि शेवटी न चुकता, ‘मी बजावलं होतं,’ असं म्हणत होता. ते खरंच होतं. गोजराबाई म्हणाली, त्याचं तोंड बंद करायला अलाउद्दीनभाईंना सांग. सारजाबाईनं तसं केलं नाही. एकदा गाड्या नव्हत्या, तेव्हा ती काट्यापाशी जाऊन बसली.

“भाऊ, तुमी बोलला व्हता, खरं हाय. पर तुमी दिसभर बोलताय. त्यातलं कुटलं माज्या जिवाचं, ते मला कसं कळायचं?”

भिवाजी काट्याची वजनं एकावर एक रचू लागला.

“तसं काय आसलं तर मला नावानं हाक मारा. मी हातातलं टाकून ऐकीन. बाकीचं तुमी बोला, मी काय मनाला लावून घ्यायची न्हाई.”

त्यानं मान हलवली. त्या दिवशी तो कमी बोलला, दुसऱ्या दिवशी परत सुरू झाला. पण पुढच्या काळात दोन-तीनदा काट्यावरून ‘सारजाबाई’ अशी हाक आली आणि ती बाजूला झाली. एकदा खरंच पोत्यांची थप्पी कलली होती. एकदा काहीच नव्हतं. तेव्हाही तिनं तक्रार केली नाही.

पुढं भिवाजीला दम्यानं धरलं आणि त्यानं काम सोडलं. वर्षभरात तो गेल्याचं कळलं, तेव्हा सारजाबाई भऱ्याला भेटायला गेली. त्याची बायको रंभाबाई ओट्यावर बसली होती. गिरणीतली म्हटल्यावर तिनं हिला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, “तितं बोलायचे का वं? घरात तर गप बसून असायचे. मला कदी काय सांगितलंच न्हाई.”

 सारजाबाईनं आठवेल तसं सांगायला सुरुवात केली. वांग्याची रोपं, मुंबईची कापडगिरणी, खोकल्याचं औषध. तिला वाटलं होतं त्याहून पुष्कळ आठवत होतं. रंभाबाई मधे न बोलता ऐकत होती. परतायची एसटी निघून गेली, तेव्हा सारजाबाई रात्री तिथंच राहिली.