हळद होती, कुंकू नव्हतं

कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं आणि बॉनेट उघडून नुसतंच आत बघत उभं राहिलं, की ती घटना आजही मला आठवते आणि माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. आता गल्लीतला कोणीही गाडी घेताना मला सोबत नेतो, आणि मी तिथे अशी काही चौकशी करतो की विकणाऱ्याला वाटतं, आपल्यावर गुन्हाच दाखल झाला. बायको म्हणते, जरा सबुरीनं घ्या. पण सबुरी माझ्या स्वभावात नव्हती आणि त्या प्रकरणानंतर तर उरलीच नाही.

तेव्हा मी कळमनुरी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी हजेरी चालू असताना ट्रॅक्टरला दोर बांधून एक पांढरी लांबोडी गाडी आवारात आणली गेली. घरच्यांनी बसून मागं सामान टाकायला ऐसपैस जागा असलेली, सात माणसांची घरगुती गाडी. ट्रॅक्टरवरून एक शेतकरी उतरला. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या मागोमाग आठ-नऊ वर्षांची मुलगी उतरली. तिचा रंग मला बरा वाटला नाही. ओठ पांढरे, डोळे मात्र टकटकीत.

मुलीला थॅलेसेमिया होता. दर काही आठवड्यांनी नांदेडच्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवावं लागायचं. एसटीत उभ्यानं जाणं तिला झेपत नव्हतं, म्हणून बापानं गुढीपाडव्याला ही जुनी गाडी घेतली होती. चार महिने कशीबशी चालली, धूर सोडत, तेल पीत. आणि श्रावणात, मुलीला घेऊन जाताना भर रस्त्यात इंजिन जाम झालं. वरून पाऊस, मुलगी मागच्या सीटवर निपचित, आणि बाप येणाऱ्या प्रत्येक गाडीसमोर हात जोडत उभा. शेवटी एका टेम्पोवाल्यानं त्यांना दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरांनी बापाला एवढंच सांगितलं की यापुढे उशीर करायचा नाही.

"साहेब, मले पैसे नको," तो म्हणाला. "त्यानं मले काहून फसवलं, एवढं इचारा. मी त्याले सांगितलं व्हतं, लेकरासाठी गाडी पायजे, रस्त्यात थांबाया नको."

फिर्याद घेतली. आता पोलिसी भाषेत सांगायचं तर प्रकरण लंगडं होतं. जुनी गाडी, जुनं इंजिन, बिघडलं. असा तक्रारदार आठवड्याला एक येतो आणि आम्ही त्याला दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवतो. मी आधी नोंदणीच्या पुस्तकावरचा इंजिन नंबर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर ताडून पाहिला. दोन्ही जुळले. इंजिन उघडून बघणाऱ्या मिस्त्रीनं मात्र मान हलवली. गाडीचं वय आणि सीटांची अवस्था बघता इंजिन एवढं झिजायला नको होतं, म्हणाला. डोक्यात किडा शिरला तो तिथे.

गाडी विकणारा कळमनुरीतला जुन्या गाड्यांचा दलाल. त्याला बोलावलं तर तो इस्त्रीचे कपडे घालून, वेळेच्या आधी हजर. माझा अनुभव असा, की बोलावल्यावर निरपराध माणूस घाबरत येतो आणि उशिरा येतो. हा गृहस्थ हसत आला, ठाणे अंमलदाराची विचारपूस केली, आणि आपणहून मला आवारात घेऊन जाऊन बॉनेट उघडलं.

"हे पाहा साहेब. पयला मालक दरसाल दसऱ्याला इंजिनाची पूजा करायचा. हळद अजून न्हाई निघाली. इतकं जपलेलं इंजिन हाय हे. आता यायलेच चालवता येत न्हाई, त्याले मी काय करू?"

हळद खरंच होती. इंजिनाच्या सांदीकोपऱ्यात, नळ्यांच्या मागे, तेलकट पिवळा थर. आपल्याकडे ट्रॅक्टर, मोटारपंप, शिलाई मशीन, कशाचीही पूजा होते, त्यामुळे मलाही त्यात वावगं दिसलं नाही. बापानंही गाडी घेताना ती हळद पाहिली होती आणि त्याला बरं वाटलं होतं. यंत्राला देव मानणारा मालक यंत्राची हेळसांड करत नाही, हा त्याचा हिशेब. आपल्यापैकी कुणीही हाच हिशेब केला असता.

वरिष्ठांनी फोनवर सांगून टाकलं, यात दम नाही, समरी करून, म्हणजे तपास बंद करून, मोकळे व्हा. इकडे गाडी मुद्देमाल म्हणून आवारात उभी. बाप मुलीला घेऊन पुन्हा एसटीनं नांदेडला जायचा, आणि परतताना ठाण्यात डोकावायचा. बाकावर बसायचा. काही मागायचा नाही. मुलगी त्याच्या मांडीवर डोकं टेकून गाडीकडे बघत राहायची. माणसानं आरडाओरडा केला तर पोलिसाला सोपं जातं, त्याला गप्प तरी करता येतं. या बापाचं गप्प बसणंच मला जेवू देत नव्हतं. मी उगाच आवारात फेऱ्या मारायचो, बॉनेट उघडायचो, मिटायचो. शिपाई एकमेकांना खुणावायचे की साहेबांना लागलंय काहीतरी.

मग मी गाडीच्या पहिल्या मालकाचा जबाब घ्यायला गेलो. कळमनुरीच्या बाजारातले जुने धान्य व्यापारी, पाच वेळच्या नमाजाचे, बोलण्यात अदब असलेले बुजुर्ग, सगळ्या बाजाराचे चाचा. चहा आल्याशिवाय त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. इंजिनाची पूजा कोण करायचं, असं विचारताना मला वाटत होतं की आता दलालाची थाप उघडी पडणार. पण चाचा हसले. त्यांचा ड्रायव्हर हिंदू होता. दसऱ्याला गाडीला हार, नारळ, सगळं तो करायचा, आणि नारळ चाचांच्याच दुकानातून जायचा. माझा फुगा फुटला.

निघताना मात्र त्यांनी मला दारात थांबवलं. "साहेब, ती गाडी रस्त्यात थांबली, हे मला बराबर वाटत न्हाई. थंडीतसुद्धा सकाळी किल्ली फिरवली की एका झटक्यात बोलायची. माझी गाडी त्या लेकराला तकलीफ देणार न्हाई." त्यांचा आवाज दुखावलेला होता. आपल्या घरातल्या माणसावर आळ आला असावा, तसा.

परतीच्या वाटेवर मी तेच घोळवत होतो. जबाब तर दलालाच्या बाजूनं गेला होता, आणि तरी चाचा खोटं बोलत नव्हते. दोन्ही खरं कसं असेल? पाणी कुठेतरी मुरत होतं आणि मला ओल सापडत नव्हती.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजन असतं. रायफली, काठ्या, बेड्या, वायरलेसचा संच, सगळं पुसून सतरंजीवर मांडलं होतं. झेंडूचे हार तयार होते. प्रभारी म्हणून पूजेचा मान माझा. मी पंचपाळं हातात घेतलं, पहिल्या रायफलीला हळदीचं बोट लावलं, त्याच्यावर कुंकवाचं. दुसरीला हळद, कुंकू. तिसरीला हळद लावली आणि हात तिथेच थांबला.

कुंकू कुठे होतं?

मी पंचपाळं हवालदाराच्या हातात दिलं आणि अनवाणीच आवारात गेलो. मागून कुणीतरी म्हणालं, साहेब, आरती राहिली. मी बॉनेट उघडलं, बॅटरी मारली, वाकून, आडवा होऊन, जिथे जिथे नजर पोचेल तिथे पाहिलं. पिवळं, पिवळं, सगळीकडे पिवळं. तांबडा कण म्हणून नाही. आणि ते पिवळं बोटानं लावलेलंही नव्हतं. बोट वरून लागतं, समोर लागतं. हा थर इंजिनाच्या पोटाखाली होता, जिथे माणसाचा हात शिरत नाही तिथेही होता. अरे, आपल्याकडे हळद एकटी कधी लागते का देवाला? हळद म्हटलं की कुंकू आलंच. ही पूजेची हळद नव्हती. ही उडालेली हळद होती.

आणि आमच्या जिल्ह्यात हळद कुठे उडते, हे कुणाला सांगायला नको. उकडून वाळवलेली हळकुंडं लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवतात, त्यांची साल निघून ती चकचकीत होतात. ड्रम फिरत असला की शेजारचा माणूस, झाड, कुत्रं, सगळं पिवळं होतं. काही जण तो ड्रम मोडीतल्या गाडीच्या इंजिनावर चालवतात.

आरती झाली. त्याच दिवशी मी माझ्या जुन्या खबऱ्याला निरोप धाडला. तो गावोगावच्या बाजारात भांडी विकायचा, त्यामुळे त्याला सगळ्यांच्या घरातलं ठाऊक. त्याला मी एकच काम दिलं होतं. या दलालाच्या सोयऱ्यांत हळदीचा ड्रम कुणाचा आहे ते काढ. तो आठवड्याच्या बाजारी परत आला आणि भांड्यांचं गाठोडं खाली ठेवत म्हणाला, "कुरुंद्याला त्याचा मेव्हणा हाय साहेब. गेल्या साली त्याचा ड्रम लागला की अख्ख्या शिवाराले कळायचं, एवढं इंजिन खोकायचं. यंदाच्या हंगामात मातर आवाजच न्हाई. मख्खन चाललं म्हणतेत लोकं."

दलालाला पुन्हा बोलावलं. इंजिनाचा विषय मी काढलाच नाही. चहा मागवला, पीकपाण्याचं विचारलं, हळदीच्या भावावर आलो. तो मोकळेपणानं बोलत होता. मग मी सहज विचारलं, की तुमच्या मेव्हण्याचा ड्रम यंदा इतका गुपचूप कसा चालला?

त्यानं बशीत ओतलेला चहा तसाच खाली ठेवला. पाणी मागितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. मी वाट बघत राहिलो. मला शांत बसणं जमत नाही, पण त्या दिवशी मी टेबलाखाली पाय हलवत का होईना, तोंडाला कुलूप लावून बसलो. शेवटी तोच म्हणाला, की मेव्हण्याचं यात काही नाही. यात म्हणजे कशात, हे मी अजून विचारलंच नव्हतं.

कुरुंदा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. तिथल्या ठाण्यात नोंद केली, दोन पंच घेतले आणि मेव्हण्याच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडवर गेलो. ड्रम हंगाम संपल्यानं ताडपत्रीखाली झाकलेला होता. शेजारी लोखंडी चौकटीवर इंजिन. रॉकेलच्या फडक्यानं पिवळा थर पुसत गेलो तसे आकडे उघडे पडले. पंचानं एकेक आकडा मोठ्यानं वाचला, मी नोंदणीच्या पुस्तकावर बोट ठेवून ऐकत होतो. शेवटचा आकडाही जुळला. चाचांच्या गाडीचं ते निरोगी इंजिन हळकुंडं फिरवत होतं. आणि ड्रमवर झिजून खिळखिळं झालेलं इंजिन, त्याच जातीच्या एका अपघातातल्या गाडीचं, एका आजारी पोरीला दवाखान्यात न्यायला बसवलं होतं.

पुढचं सरळ होतं. गाडीतल्या इंजिनावरचा मूळ नंबर घासून नवा ठोकलाय, हे प्रयोगशाळेनं सांगितलं. दलालानं कबूल केलं. मेव्हण्याला हंगामासाठी धड इंजिन हवं होतं आणि याच्या दारात ते उभं होतं. मी त्याला हळदीचं विचारलं. पूजेची थाप सुचली कशी? तो खाली बघत म्हणाला, "मी इंजिन लई धुतलं साहेब, पर हळद काई जात न्हाई. गाडी पाह्यला आला तवा त्या बापानंच इचारलं, इंजिनाची पूजा करत व्हते का? मी म्हणलं, व्हय."

ते ऐकून मला त्याचा संताप आला, पण खोटं त्या दलालानं रचलं नव्हतं. बापानं आपल्या भोळ्या मनानं ते त्याच्या हातात ठेवलं होतं. नोकरीभर फसवणुकीची प्रकरणं हाताळली, पण फसवणारा बहुतेक वेळा आपल्याच मनातलं वाक्य आपल्याला परत विकतो, हे मला इथे कळलं. तेव्हापासून मी सांगत आलोय. जुनी गाडी घेताना इंजिनाकडे बघून आपण काही बोलू नये, विकणाऱ्याला बोलू द्यावं. आणि दुसरी गोष्ट, जी बापानं जबाबात सांगितली होती. तो गाडी बघायला गेला तेव्हा ती आधीच चालू होती. झिजलेलं इंजिन गरम असताना हसतखेळत चालतं, त्याची खरी जात गार असताना किल्ली फिरवल्यावर कळते. हे मी ठाण्यात त्याला समजावून सांगितलं होतं. मुलगी तेव्हाही त्याच्या मांडीवर डोकं टेकून पडलेली होती. मला वाटलं होतं, ती झोपलीय.

न्यायालयानं इंजिन आणि गाडी सुपूर्तनाम्यावर फिर्यादीला द्यायचा आदेश केला, पण त्याला थंडी उजाडली. तोवर ते लेकरू एसटीनंच जात राहिलं. कायद्यानं गाडी माझ्या आवारात होती आणि तिची गरज तांड्यावर होती, याची चुटपुट मला अजून आहे. मिस्त्रीनं मूळ इंजिन परत बसवलं. चाचांना कळवलं तर ते स्वतः आले, गाडीवर हात फिरवला आणि दुकान उघडायचंय म्हणून लगेच निघाले.

ताबा घ्यायला बाप, आई आणि मुलगी तिघंही सकाळीच आली. त्याच दिवशी नांदेडला जायचं होतं. आईनं घरून कागदाच्या दोन पुड्या आणल्या होत्या. तिनं इंजिनाला हळदीचं बोट लावलं, त्यावर कुंकवाचं. मी ते तांबडं बोट नीट बघून घेतलं. कागदावर सही झाली, बाप गाडीत बसला, त्यानं किल्लीला हात घातला.

"थांब ना बा," मुलगी म्हणाली.

ती गाडीसमोर आली. चवड्यांवर उभी राहून तिनं दोन्ही तळवे बॉनेटवर टेकवले आणि तसेच ठेवले, ताप बघावा तसे. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमी आधी चालू करून ठिवली न्हाई ना साहेब?"

माझ्यावर संशय घेणारी ती पहिलीच फिर्यादी. मी नाही म्हणालो. तिनं पुन्हा एकदा हात लावून खात्री केली.

"गार हाय," ती म्हणाली. "लाव आता."

बापानं किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात बोलली. मुलगी मागचं दार उघडून बसली, आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत मी तिला काचेतून बघत होतो. ती पुढे रस्त्याकडे बघत नव्हती. मान वाकडी करून इंजिनाचा आवाज ऐकत होती.