भिंतीपलीकडची भाडेकरू

शेजारच्या घरात आज आंबेमोहोर शिजतोय. त्या वासासरशी मला भोरमधली एक दुपार आठवली.

सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि परवडेल अशी खोली आठवडाभर शोधत होते. एकट्या बाईला कुणी जागा देईना. आणखी चार दिवस गेले असते, तर नोकरी सोडून गावी परतावं लागलं असतं.

शेवटचं घर साळूबाईंचं. भाताच्या आधणाखालचा जाळ मागे ओढून त्या बाहेर आल्या. त्यांनी ना जात विचारली, ना लग्नाचं. मला नीट न्याहाळून म्हणाल्या, "तुमी घोरता का वो?"

मी गोंधळले. खोटं बोलावं का? शेवटी म्हणाले, "हो. जरा जोरातच."

"मग ऱ्हावा हितं. भाडं झेपंल तेवढं द्या," त्या हसल्या. "आमचं मालक वारल्यापासनं भिंतीपल्याड लई सुनं वाटतं. झोपच लागत न्हाई."

तेव्हा मी हसू कसंबसं दाबलं होतं. यंदा मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. मी राहायला गेले त्या पहिल्या रात्री साळूबाईंना झोप लागली होती का, हे विचारायला हवं होतं, असं आता रोज वाटतं.