आईच्या तोंडातली चाल

आईला झटका आला तेव्हा तिचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. उरली ती एक चाल. शब्द नाहीत, नुसतं नाकातल्या नाकात गुणगुणत ती सुरात वर चढायची, मध्येच थांबायची आणि जिथून निघाली तिथंच परत येऊन टेकायची. उन्हं कलली की हे सुरू व्हायचं.

गणेशगुडीकडच्या जंगलातल्या घरातून आम्ही तिला रामनगरला माझ्याकडं आणलं होतं. मी इथं शाळेत शिकवते. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं गेलेली माणसं कधीकधी गाऊन सांगतात, लक्ष द्या. ते वाक्य माझ्या डोक्यात घट्ट बसलं. आई काहीतरी मागते आहे आणि आपल्याला कळत नाही, याचा मला राग यायचा. तिचाही यायचा, खोटं कशाला बोलू? पाणी दिलं, पान दिलं, उशी बदलली, देवाचा फोटो समोर टांगला. ती डावा हात झटकायची.

शेजाऱ्यांनी निकाल लावून टाकला: म्हातारी देवाचं नाव मागतेय. मग भजनी मंडळातले पेटीवाले काका येऊन बसले. चाल ऐकली, पेटीवर बोटं फिरवली आणि म्हणाले, "बाई, अभंगच हाय ह्यो. जुनी चाल. शब्द तेवढं इसरल्यात." शब्द विसरले असतील तर आपण घालू, असं ठरवून ते एकेक अभंग त्या चालीत कोंबायला लागले. एकही बसेना. कधी अक्षरं उरायची, कधी चाल उरायची. पण मंडळी चिवट. बऱ्याच संध्याकाळी आमच्या घरात टाळ कुटले गेले आणि शेवटी आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. काका पेटी मिटता मिटता म्हणाले, "त्यांस्नी ठावं हाय, खरं आमास्नी न्हाई." तेवढं एकच ते बरोबर बोलले.

गुणगुणलेली चाल ऐकून गाणं ओळखायची सोय फोनमध्ये असते, हे मला माहीत होतं. आईच्या तोंडासमोर फोन धरला, तर तो सिनेमाची गाणी पुढं करायला लागला. आईचा गळा भजनाचा, ती प्रत्येक सूर घोळवते. म्हणून एकदा मीच ती चाल सरळ करून गुणगुणले. फोननं पियानोची एक रचना काढून दिली. ती लावून ऐकली. तीच चढण, तोच थांबा, तेच परत येऊन टेकणं. कुठल्या तरी जुन्या परदेशी संगीतकाराची होती. त्याचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही.

पियानो आमच्या घरात कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण आई बरीच वर्षं नदीकाठच्या एका लॉजवर भाकऱ्या करायला जात होती. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी तिथं लावत असतील, ऐकून ऐकून तिला आवडलं असेल. झालं, कोडं सुटलं. आईला गाणं हवं होतं आणि मी ते मिळवून दिलं होतं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मी रोज शाळेतून आले की ते लावायचे. आईचा चेहरा उजळायचा. ती डावा हात लुगड्याला पुसायची, कमरेशी न खोचलेला पदर सोडवायची आणि पायानं खाटेखाली काहीतरी चाचपायची. संपलं की माझ्याकडं बघत राहायची. "उद्या परत लावते हां, आई," असं म्हणून मी फोन ठेवायचे. तिचा चेहरा पडायचा. मला वाटायचं, तिचं मन भरत नाही.

एकदा बाजाराच्या दिवशी लॉजवरची एक मावशी तिला बघायला आली. आईबरोबर त्याच चुलीपुढं तिचीही हयात गेली होती. तिच्या हातात चहा दिला आणि मोठ्या तोऱ्यात मी फोनवर ते गाणं लावलं. सूर सुरू झाले तशी मावशीनं कप खाली ठेवला आणि ती उभीच राहिली. मग ओशाळून खाली बसली.

"पाय आपसूक उटलं बघ," ती म्हणाली.

"मावशी, हे ओळखता तुम्ही?"

"न वळखाया काय झालं? पाव्हण्यांचा च्या झाला की मालक ह्येच लावायचं. पाव्हणी ऐकत बसायची आनि आमी हात धुवून, पदर सोडून भाईर. अंधार पडायच्या आदी आमास्नी सोडाया जीप लागायची." मग आईच्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "ह्ये वाजलं म्हंजे सुटलं. चल गं घरला."

आई माझ्याकडंच बघत होती.

म्हणजे रोज संध्याकाळी मीच तिला सांगत होते, चल, सुटलीस. आणि ती निघायला लागली की उद्या म्हणत होते. तेवढं कळल्यावर मला मावशीपुढं बसवेना. चुलीवर दूध ठेवलंय असं सांगून मी आत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

कारण घरच नव्हतं. आईला इकडं आणल्यावर त्याच उन्हाळ्यात आम्ही भावंडांनी ते उतरवलं होतं. बंद घर वाळवी खाणार, म्हणून कौलं आणि वासे ज्याला हवे त्याला देऊन टाकले. शहाणपणाचंच होतं ते. तिला मात्र कुणी सांगितलं नाही. तिला कुठं कळणार आहे, असं आम्ही एकमेकांना समजावलं होतं.

मावशी गेल्यावर मी ते गाणं फोनमधून काढून टाकलं. त्यानं काय होणार? दुसऱ्या दिवशी उन्हं कलली आणि आईनं चाल धरली.

हल्ली मी खाटेखालून चपला काढून तिच्या पायात घालते आणि आधार देत तिला दारातल्या पायरीवर आणून बसवते. रस्त्यानं गोव्याकडं जाणारे ट्रक जातात. ती प्रत्येकाकडं बघते. मग अंग चोरून जरा सरकते आणि शेजारी डावा हात आपटते, जीपमध्ये बायका एकमेकींना जागा करतात तशी. मी बसते. अंधार पडला की मी तिच्या पायातल्या चपला काढते आणि ती काढू देते.